“ई टीव्ही लाव रे” : मराठी वाहिन्यांच्या पाट्या आणि सातबारे

गच्चीवरचा अँटेना (धागाकर्ता)

परवा जेवताना आई म्हणाली, “ई टीव्ही लाव रे, सुरू झालं असेल.” मी मुकाट्यानं कलर्स मराठी लावलं. मुलीनं ताटावरून मान वर केली. “ई टीव्ही म्हणजे काय?” तिचा जन्म २०१४ चा. ती रांगत होती तेव्हा ती पाटी उतरली, तिला कुठून माहीत असणार!

मग लक्षात आलं की आईच्या तोंडी एकाही चॅनेलचं आजचं नाव नाही. झी मराठी म्हणजे ‘अल्फा’. एबीपी माझा म्हणजे ‘स्टार माझा’. न्यूज१८ लोकमत म्हणजे ‘आयबीएन’. सह्याद्री म्हणजे नुसतं ‘मुंबई’. बाबा तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेत, त्यांना दुसरी उपमा सुचत नाही. ते म्हणाले, “पाटीवरचं नाव वेगळं आणि सातबाऱ्यावरचं वेगळं. पाटी बदलायला पेंटर लागतो, सातबारा बदलायला फेरफार लागतो.”

हे डोक्यात बसलं आणि दोन रात्री शोधाशोध केली. सुरुवात अर्थातच आईच्या लाडक्या ई टीव्हीपासून.

ई टीव्ही मराठी आलं जुलै २००० मध्ये. मालक हैदराबादचे रामोजी राव. हा ‘ई’ त्यांच्या ‘ईनाडू’ या तेलुगू दैनिकाचा. १९९५ साली तेलुगू ई टीव्ही सुरू झालं, पुढे त्याच साच्यातून कन्नड, बांगला, गुजराती, उर्दू, उडिया अशी भावंडं निघाली. मराठी हे त्यातलंच एक. आपल्या मुंबई-पुण्याच्या बातम्या रामोजी फिल्म सिटीतून वाचल्या जायच्या, हे तेव्हा किती जणांना माहीत होतं देव जाणे.

जानेवारी २०१२ मध्ये बातमी फुटली ती मात्र मोठी होती. रिलायन्सचा पैसा ईनाडूच्या वाहिन्यांत आधीच गुंतलेला होता, आणि आता तो हिस्सा नेटवर्क१८ गटातली टीव्ही१८ ही कंपनी घेणार होती. व्यवहार साधारण २,१०० कोटींचा. वाटणी बघण्यासारखी आहे. हिंदी पट्ट्यातल्या आणि उर्दू बातम्यांच्या वाहिन्या १०० टक्के. मराठी, कन्नड, बांगला, गुजराती, उडिया या मनोरंजनाच्या वाहिन्या ५० टक्के. आणि तेलुगूमध्ये फक्त २४.५ टक्के. म्हणजे रामोजींनी घरचं अंगण राखलं आणि बाहेरच्या जमिनी वाटून दिल्या. व्यवहार पुरा व्हायला जानेवारी २०१४ उजाडला.

त्याच वर्षी खुद्द नेटवर्क१८ रिलायन्सच्या ताब्यात गेलं आणि संस्थापक राघव बहल बाहेर पडले. पुढच्या वर्षी टीव्ही१८ चा मराठीतला हिस्सा व्हायाकॉम१८ कडे सरकला. व्हायाकॉम१८ म्हणजे ‘कलर्स’वाले. मार्च २०१५ मध्ये ई टीव्ही मराठीचं कलर्स मराठी झालं ते यामुळे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हायाकॉम१८ आणि स्टार इंडिया एकत्र येऊन जिओस्टार झालं, तेव्हा कलर्स मराठीही त्यात गेलं.

थोडक्यात, पाटी एकदा बदलली आणि फेरफार निदान चार झाले. आईला त्यातलं एकही कळलं नाही. तिला फक्त २०१५ साली ‘रंग बदलला’ एवढंच कळलं होतं.

स्टार माझाचं सोपं आहे. २००७ ला स्टारनं काढलं, २०१२ ला आनंदबझारला विकलं, नाव एबीपी माझा झालं. बाकीच्यांचं तुम्ही सांगा. अल्फाबद्दल आणि दूरदर्शनबद्दल माहीतगारांनी भर घालावी.

झब्बू

भारी धागा. पण आमच्या सासूबाई कलर्सला ‘कलर टीव्ही’ म्हणतात, त्यांचं कुठल्या गटात धरायचं?

सीए सदाशिव

अँटेनाराव, बाकी सगळं झकास, पण स्टार माझाचा शेवटचा परिच्छेद खोडा. ते ‘विकलं’ गेलंच नाही. ते पहिल्या दिवसापासून आनंदबझारचंच होतं.

गोष्ट २००३ पासून सुरू होते. त्याआधी स्टार न्यूजच्या बातम्या एनडीटीव्ही तयार करून द्यायची. तो करार ३१ मार्च २००३ ला संपला आणि स्टारनं स्वतःच बातम्या करायचं ठरवलं. नेमका त्याच महिन्यात सरकारनं नियम आणला: भारतातून प्रक्षेपण करणाऱ्या वृत्तवाहिनीत परकीय भांडवल २६ टक्क्यांच्या वर नको. स्टार तर परदेशी माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांचं. मग देशी भागीदार शोधणं आलं. तो सापडला कोलकात्यात, आनंदबझार पत्रिका, म्हणजेच एबीपी. कंपनीचं नाव मीडिया कंटेंट अँड कम्युनिकेशन्स सर्व्हिसेस. ७४ टक्के आनंदबझार, २६ टक्के स्टार.

जून २००७ मध्ये स्टार माझा निघालं ते याच कंपनीचं. म्हणजे सातबाऱ्यावर तीन-चतुर्थांश नाव बंगाल्यांचं आणि पाटीवर ‘स्टार’. ‘स्टार’ हे नाव फक्त वापरायला दिलेलं होतं. २०१२ मध्ये स्टारनं भागीदारी सोडली, नाव परत नेलं, आणि १ जूनपासून स्टार न्यूज, स्टार आनंद, स्टार माझा या तिघांच्या पाट्या एकदम एबीपी झाल्या. मुख्य मालक तोच राहिला, भाडेकरू आपली पाटी काढून गेला.

तुमच्या वडिलांना सांगा, इथे पेंटर आला होता, तलाठी जवळजवळ आलाच नव्हता.

गच्चीवरचा अँटेना

सदाशिवराव, मान्य. मूळ लेखातलं तसंच ठेवतो, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी लटकेल. मला आजवर वाटायचं की एबीपी हे काहीतरी नवीन आलंय.

किरकिरवाडी

म्हणजे ‘माझा’ कोलकात्याचा, ई टीव्ही हैदराबादचं. टीव्ही९ मराठी? तेही हैदराबादचंच. २०१८ मध्ये त्या कंपनीचा ताबा अलंदा मीडियाकडे गेला. त्यामागे माय होम आणि मेघा इंजिनीअरिंग, म्हणजे बांधकामवाले आणि धरण-कालवेवाले. सन मराठी चेन्नईचं, २०२१ चं. मग मराठी माणसाचं काय? नुसतं बघायचं?

मावशीबोली

किरकिरे, साम विसरलात. २००८ पासून आहे, सकाळ समूहाचं, पुण्याचं. आणि आयबीएन लोकमतमध्ये निम्मा वाटा लोकमतचा होता. तेही २००८ चंच, नेटवर्क१८ आणि लोकमत यांची भागीदारी. त्याची पाटी कशी बदलली तेही मजेशीर आहे. इंग्रजी सीएनएन-आयबीएन २०१६ मध्ये सीएनएन-न्यूज१८ झालं, मग घरातल्या सगळ्यांचीच आडनावं न्यूज१८ झाली. मराठीचं पहिलं नाव गेलं, ‘लोकमत’ मात्र टिकलं. लग्नानंतर आडनाव बदललं तरी माहेरचं नाव मध्ये ठेवतात तसं.

किरकिरवाडी

ताई, उपमा आवडली. मुद्दा मात्र सोडत नाही.

तिरपागडा

मराठी माणसानं चॅनेल काढलं नाही असं कसं म्हणता? ‘सब’ टीव्ही कोणाचं होतं? श्री अधिकारी ब्रदर्स, त्यांचीच आद्याक्षरं. २००५ मध्ये सोनीनं ते घेतलं. मालकी जपानी घराकडे गेली, पण आद्याक्षरं अजून पाटीवर आहेत. सोनी सब! अधिकाऱ्यांनी पुढे २००७ मध्ये ‘मी मराठी’ काढलं, तेही त्यांच्याकडे टिकलं नाही.

जुन्या मालकाचं नाव पाटीवर तसंच ठेवून नवा मालक आत राहतोय याचं इतकं ठसठशीत उदाहरण दुसरं नसेल.

गच्चीवरचा अँटेना

हे अफाट आहे. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, “वाड्यांची नावं नाही का, मालक चार पिढ्या वेगळा, वाडा मात्र जुन्याच आडनावाचा.”

मावशीबोली

बरं, अल्फाबद्दल मी सांगते. घरात पहिल्यापासून तेच लागायचं.

१५ ऑगस्ट १९९९ ला झी गटानं अल्फा मराठी सुरू केलं, सोबत बांगला आणि इतर भाषांतली अल्फा भावंडं. तेव्हा प्रादेशिक वाहिनीला ‘झी’ म्हणायची हिंमत नव्हती की मुख्य नाव जपायचं होतं, ठाऊक नाही. झी टीव्ही स्वतः २ ऑक्टोबर १९९२ चं. (गंमत म्हणजे मुंबई दूरदर्शनही २ ऑक्टोबरचंच, पण ते १९७२ चं.) २००५ मध्ये सगळ्या अल्फा झी झाल्या. इथे मालक बदलला नव्हता. नुसती पाटी.

पण पुढचं कोणाला आठवत नाही. २००६ मध्ये झीनं आपली वाटणी केली. बातम्या आणि प्रादेशिक वाहिन्या मिळून एक वेगळी कंपनी केली, झी न्यूज लिमिटेड. त्यामुळे आपली झी मराठी, रोज संध्याकाळी अख्खं घर बसून बघायचं ते, कागदोपत्री बातम्यांच्या कंपनीत होती! पाटीवर कुठेच काही दिसत नव्हतं. २०१० मध्ये प्रादेशिक मनोरंजनाच्या वाहिन्या परत मूळ कंपनीत, झी एंटरटेनमेंटमध्ये गेल्या. बातम्या तिकडेच राहिल्या. म्हणून आज झी २४ तास आणि झी मराठी नावानं बहिणी असल्या तरी दोन वेगळ्या नोंदणीकृत कंपन्यांत आहेत. झी न्यूज लिमिटेडचं नंतर झी मीडिया झालं, तिथेच झी २४ तास आहे.

तेव्हा या कंपनीत शेअर असलेले माझे एक काका “झी मराठी माझं चॅनेल आहे” असं अभिमानानं सांगायचे. पन्नास शेअर होते त्यांच्याकडे.

सीए सदाशिव

मावशी, काकांना हसू नका. झी एंटरटेनमेंटमध्ये आज प्रवर्तक कुटुंबाचा हिस्सा चार टक्क्यांच्या आसपास आहे. बाकी सगळे असेच काका आणि मोठे फंड. ज्या घराण्याच्या नावानं आपण हे चॅनेल ओळखतो, सातबाऱ्यावर त्याच्या वाट्याला एवढासा तुकडा. २०२५ च्या जुलैमध्ये प्रवर्तकांनी हिस्सा वाढवायचा ठराव मांडला होता. तीन-चतुर्थांश मतं लागतात, ती पडली नाहीत. ठराव फेटाळला गेला.

त्याआधी सोनीशी विलीनीकरण ठरलं होतं. २०२१ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये स्पर्धा आयोगानं ‘बिग मॅजिक, झी ॲक्शन, झी क्लासिक विका’ अशा अटींवर परवानगी दिली, आणि २२ जानेवारी २०२४ ला सोनीनं सरळ करार मोडला. जमलं असतं तर झी मराठी आणि सोनी मराठी एका छताखाली आल्या असत्या. सोनी मराठी २०१८ चंच, म्हणजे सहा वर्षांच्या आत नव्या घरी नांदायला गेलं असतं.

झब्बू

साखरपुडा होऊन मोडलेलं लग्न. आमच्या आळीत असं झालं की दोन्हीकडचे लोक वर्षभर एकमेकांच्या गल्लीतून जात नाहीत.

धनुकली

फक्त वाचायला आले होते पण राहवत नाही. स्टार प्रवाहचं कोणी सांगितलंच नाही. नोव्हेंबर २००८ पासून नाव ‘स्टार प्रवाह’. आजही ‘स्टार प्रवाह’. आणि मालक बघा: सुरुवातीला मर्डॉक यांचं न्यूज कॉर्पोरेशन. २०१३ मध्ये त्यांनी कंपनीची दोन शकलं केली, स्टार गेलं ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्सकडे. मार्च २०१९ मध्ये फॉक्सचा तो सगळा पसारा डिस्नेनं घेतला. मिकी माऊसवाले आपल्या सासू-सुनांचे मालक झाले आणि कोणाला पत्ता नाही! नोव्हेंबर २०२४ पासून जिओस्टार.

म्हणजे अँटेना यांच्या ई टीव्हीपेक्षाही कमाल. तीन फेरफार, आणि पेंटरला एकदाही बोलावलं नाही.

मायामीची माशी

इकडे अमेरिकेत बसून वाचतेय. तुमचा गोंधळ तरी सरळ आहे हो. इथे स्टेशनचा मालक एक आणि त्यावर दिसणारं नेटवर्क दुसऱ्याचं, हीच मूळ पद्धत आहे. प्रत्येक शहरातल्या स्टेशनला केंद्रीय आयोगाचा परवाना, मालक कोणी स्थानिक किंवा साखळीवाला, आणि एनबीसी, सीबीएस, एबीसी यांच्यापैकी एकाशी करार. कराराची मुदत संपली की स्टेशन तेच, नंबर तोच, मालिका दुसऱ्याच.

आमच्या मायामीचा किस्सा इथले जुने लोक अजून रंगवून सांगतात. डब्ल्यूटीव्हीजे हे फ्लोरिडातलं पहिलं स्टेशन, १९४९ चं, पहिल्यापासून सीबीएसचं. १९८७ मध्ये ते एनबीसीनं २७ कोटी डॉलरला विकत घेतलं. पण सीबीएसशी आधीच्या मालकाचा करार चालू होता, आणि एनबीसीचा दुसऱ्या स्टेशनशी, डब्ल्यूएसव्हीएनशी, १९८८ अखेरपर्यंतचा करार होता. परिणाम असा की एनबीसी स्वतःच्या मालकीच्या स्टेशनवर वर्षाहून जास्त काळ प्रतिस्पर्ध्याचे, म्हणजे सीबीएसचे कार्यक्रम दाखवत बसली. १ जानेवारी १९८९ ला एका रात्रीत सगळी अदलाबदल झाली. सीबीएसनं तोवर सहा नंबरचं एक स्टेशन घेतलं होतं, त्याचा टॉवर पार दक्षिणेला, त्यामुळे उत्तरेकडच्या लोकांना चित्र धड दिसेना. शेवटी १९९५ मध्ये दोघांनी आपसात चार आणि सहा हे नंबरच बदलून घेतले.

म्हणजे सातबारा, पाटी, भाडेकरू आणि वर घर क्रमांकही. वडिलांना विचारा, महसूल खात्यात यासाठी काही फॉर्म आहे का.

गच्चीवरचा अँटेना

विचारलं. म्हणाले, “असलं प्रकरण आमच्याकडे आलं असतं तर मी रजा टाकली असती.”

पण प्रश्न पडला. आपल्याकडे अशी संलग्न स्टेशनं का झाली नाहीत? नाशिकचं वेगळं, सोलापूरचं वेगळं, आणि रात्री सगळ्यांवर एकच राष्ट्रीय मालिका?

वरळीचा टॉवर

याचं उत्तर मी देऊ शकतो, नोकरी त्याच खात्यात गेली.

कारण साधं. आपल्याकडे जमिनीवरच्या टॉवरवरून टीव्ही प्रक्षेपण करायची मुभा खासगी कंपनीला कधी मिळालीच नाही. ते कायम दूरदर्शनचं राहिलं. ‘हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे’ असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितलं, पण त्यातून खासगी टॉवर उभे राहिले नाहीत. तोवर लोक उपग्रहावरून येऊन केबलमध्ये घुसले होते. उपग्रहाचं पावसासारखं असतं, सगळ्या देशावर एकदमच पडतो. मग नाशिकसाठी वेगळं स्टेशन कशाला? परवानगीही गावाला मिळत नाही, माहिती आणि प्रसारण मंत्रालय ती कंपनीला देतं, एकेका वाहिनीसाठी. कंपनी हातची गेली की वाहिनी गेली.

संलग्नता म्हणाल तर ती दूरदर्शनमध्येच होती, आणि ती आम्ही भोगली. १९८४ च्या सुमाराला देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं धडाधड उघडली, आम्ही ‘एलपीटी’ म्हणायचो. मी एका तालुक्याच्या गावी अशा केंद्रावर होतो. छोटी खोली, मागे अँटेना, इन्सॅटवरून येणारं चित्र घ्यायचं आणि पुढे सोडायचं. मुंबईकरांना वाटतं मराठी दूरदर्शन १९७२ पासून महाराष्ट्राचं. छे! मुंबईचं चित्र वरळीच्या मनोऱ्यावरून मुंबईला आणि सिंहगडावरून पुण्याला. आमच्या गावाला दिल्ली. शेतकरी यायचे, विचारायचे, “साहेब, आमची माती आमची माणसं कधी लागंल?” आणि आम्ही त्यांना हिंदीतलं शेतीविषयक ऐकवायचो. मुंबईचं मराठी नंतर उपग्रहावरून मिळायला लागलं तेव्हा रोज ठरलेल्या वेळी आम्ही हातानं दिल्ली सोडून मुंबई घ्यायचो. उशीर झाला तर शिव्या. माझ्या हातून एकदा दहा मिनिटं उशीर झाला तेव्हा दरवाज्यावर दगड पडला होता. त्याची खूण बरीच वर्षं होती.

मावशीबोली

टॉवरकाका, हे स्वतंत्र धागा करून लिहा ना!

वरळीचा टॉवर

लिहीन. इथे मालकीपुरतं सांगतो. १ एप्रिल १९७६ पर्यंत टीव्ही हे आकाशवाणीचंच पोटखातं होतं, मग दूरदर्शन वेगळं झालं. १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला, पण सात वर्षं कपाटात पडून राहिला. अंमल १९९७ मध्ये. पगार आणि फाइली नव्या नावावर. त्यादरम्यान १९९४ मध्ये मराठीचं उपग्रह चॅनेल सुरू झालं, त्याचं सुरुवातीचं नाव डीडी-१०. ‘सह्याद्री’ हे नाव २००० चं. ‘सह्याद्री’ कोणाला सुचलं ते खात्यात दर वेळी वेगळं ऐकायला मिळतं, म्हणून लिहीत नाही.

माझ्या त्या केंद्राला आता कुलूप आहे. गेल्या काही वर्षांत ॲनालॉग ट्रान्समीटर बहुतेक सगळेच बंद केले.

तिरपागडा

काका, त्या दगडाला सलाम.

किरकिरवाडी

आता खरं ‘लोकल’ स्टेशन सांगतो. आमच्या तालुक्यात केबलवाल्याचं स्वतःचं चॅनेल होतं. दुपारी पिक्चर, संध्याकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा, मधे बांगड्यांच्या सेलची पाटी सरकत जायची. नगरपालिकेची मतमोजणी आणि विसर्जन मिरवणूक म्हणजे त्याची ऑलिंपिक. कॅमेरामन त्याचा मेव्हणा, निवेदक मराठीचे गुरुजी.

त्याचे फेरफार ऐका. आधी एकटा मालक. मग गावात दुसरा केबलवाला आला, वायरी कापाकापी झाली, शेवटी दोघांनी भागीदारी केली. केबलच्या धंद्यात विकतात ते चॅनेल नाही, ‘पॉइंट’ विकतात. अमुक गल्लीतले दोनशे पॉइंट याचे, तमुक त्याचे. भागीदारी मोडली तेव्हा चॅनेल वाटून घेता येईना, म्हणून ठरलं की सोम-बुध-शुक्र याचं आणि बाकी दिवस त्याचं! दोन महिने असं चाललं. एकाच निवडणुकीत सोमवारी एक उमेदवार पुढे, मंगळवारी दुसरा.

पुढे शहरातल्या मोठ्या केबल कंपनीची जोडणी घेतली. डिजिटायझेशन आलं, सेट टॉप बॉक्स लावले, गावातलं हेडएंड, म्हणजे जिथून गावभर केबल जायची ती खोली, बंद पडलं. लोकल चॅनेलला मोठ्या कंपनीच्या यादीत एक नंबर मिळेल असं तोंडी कबूल झालं होतं. तो नंबर कधी मिळालाच नाही. गुरुजी अजून भेटतात, आवाज तसाच आहे.

सीए सदाशिव

किरकिरे, तुमची तक्रार रास्त आहे, आणि हा मुद्दा वाहिनीच्या मालकीपेक्षा महत्त्वाचा वाटतो मला. चॅनेल कोणाचं हे आपण बघतोय, पण वायर कोणाची? ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सनं हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घ्यायचा करार केला. हॅथवेत साधारण २,९४० कोटी, डेनमध्ये २,२९० कोटी. म्हणजे विहीर, पाट आणि शेत तिन्ही एका सातबाऱ्यावर आल्यासारखं.

किरकिरवाडी

आता बोललात! पण चालक म्हणतील राजकारण सुरू झालं.

संपादक मंडळ

अजून तरी नाही. वाहिन्यांपुरतं राहू द्या.

धनुकली

वृत्तवाहिन्यांचं २६ टक्क्यांचं बंधन अजून आहे का हो सदाशिवकाका?

सीए सदाशिव

नाही, नोव्हेंबर २०१५ मध्ये ते ४९ टक्के केलं. मनोरंजनाच्या वाहिनीला मात्र १०० टक्के परकीय मालकी चालते. म्हणून प्रवाह पूर्णपणे डिस्नेचं होऊ शकलं आणि माझा कधीच पूर्णपणे मर्डॉक यांचं होऊ शकलं नसतं. दोघांच्या पाटीवर ‘स्टार’, पण जमिनीचा प्रकार वेगळा. एक बिनशेती, एक शेतजमीन. शेतजमीन बाहेरच्याला घेता येत नाही, तसं समजा.

(तुमच्या वडिलांची उपमा आता मलाच चिकटली आहे अँटेनाराव.)

मायामीची माशी

मग आज जिओस्टारमध्ये कोणाचं किती?

सीए सदाशिव

विलीनीकरणाच्या वेळी जाहीर झालेले आकडे: रिलायन्स थेट १६.३४ टक्के, व्हायाकॉम१८ ४६.८२ टक्के, डिस्ने ३६.८४ टक्के. व्हायाकॉम१८ रिलायन्सच्याच ताब्यात, त्यामुळे सुकाणू कोणाकडे ते वेगळं सांगायला नको. आणि व्हायाकॉम१८ या नावातले मूळ अमेरिकन व्हायाकॉम, म्हणजे आताचे पॅरामाउंट, त्यांनी त्याच वर्षी आपला १३ टक्के हिस्सा रिलायन्सला ४,२८६ कोटींना विकून टाकला. व्हायाकॉम निघून गेलं, कंपनीचं नाव व्हायाकॉम१८ राहिलं.

तिरपागडा

सोनी सबची स्पर्धा!

झब्बू

एक शंका. त्या काळात ‘चार दिवस सासूचे’ किती मालकांच्या राज्यात चालली?

मावशीबोली

२००१ ला सुरू झाली तेव्हा रामोजी राव. जानेवारी २०१३ ला संपली तेव्हा टीव्ही१८ बरोबरचा करार होऊन वर्ष झालं होतं, व्यवहार पुरा व्हायचा होता. तीन हजारांवर भाग. फेरफार अर्जावर सही-शिक्का होईपर्यंतही सासूबाई थांबल्या असत्या तर २०१४ उजाडलं असतं.

गच्चीवरचा अँटेना

सगळ्यांचे आभार. काल आईला बसवून सगळं सांगितलं. ई टीव्ही रामोजींचं होतं, ते जून २०२४ मध्ये गेले, हे ऐकून ती जरा गप्प झाली. “म्हणजे इतकी वर्षं आपण त्यांच्याकडं बघत होतो आणि ओळख नाही.” मग कोलकात्याचं सांगितलं, त्यावर काही बोलली नाही. मग म्हटलं, आता तुझं ई टीव्ही आणि स्टार प्रवाह दोन्ही एकाच मालकाचं आहे.

रिमोट खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. “एकाच घरातले?”

“हो.”

“मग मेल्यांनी दोन्हीकडं चांगलं तेवढं एकाच वेळी कशाला लावायचं? अर्धा तास पुढं-मागं करायला काय जातं त्यांचं?”

सदाशिवराव, याला काही उत्तर असेल तर द्या. आज रात्री परत विचारणार आहे ती.